गुडघ्याची कैफियत आणि वैद्याचा प्रश्न

सांध्यांच्या झिजेच्या विकाराचा इतिहास सहसा क्ष-किरणांचा, वेदनाशामक गोळ्यांचा आणि कृत्रिम सांध्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो आणि त्यात रुग्णाचे स्थान या साधनांचा लाभ घेणारा एवढेच राहते. परंतु ज्याला आज ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, ज्यात हाडांच्या टोकांवरील कूर्चा म्हणजे गुळगुळीत, लवचिक आवरण विरत जाते, हाडाच्या कडांना नवे अंकुर फुटतात आणि भोवतालचे स्नायू दुबळे होतात, त्या विकाराला दुसराही एक इतिहास आहे. वैद्याने काय विचारले आणि रुग्णाने काय सांगितले, याचा तो इतिहास होय. रुग्णाचे निवेदन येथे शतकानुशतके मुख्य पुरावा होते, पुढे छायाचित्राच्या काळात ते मागे पडले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोजमापाचे रूप घेऊन पुन्हा पुढे आले. डॉक्टरांकडे जाण्याआधी आपली तक्रार मनाशी जुळवावी, चालू औषधांची यादी करावी आणि प्रश्न लिहून न्यावेत, हा आज सर्वत्र दिला जाणारा सल्ला साधा वाटला तरी तो या वळणांमधून घडत आलेला आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत या विकाराशी जवळचे नाते असलेली अवस्था ‘संधिगत वात’ या नावाने येते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधीच्या अध्यायात तिचे जे लक्षण सांगितले आहे त्याचे दोन भाग पडतात: सांध्याची सूज हाताला वाऱ्याने फुगवलेल्या चामडी पिशवीसारखी लागते, आणि सांधा पसरताना व आखडून घेताना वेदना होते. यांपैकी पहिली गोष्ट वैद्याच्या बोटांना कळते, दुसरी मात्र रुग्णाने सांगितल्याखेरीज पुरती उमगत नाही. म्हणूनच रोगपरीक्षेच्या दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रयीत प्रश्नाला पाहणे आणि चाचपणे यांच्या बरोबरीचा मान दिलेला आढळतो. सुश्रुतसंहितेने तर पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा प्रश्न अशी रोगज्ञानाची सहा साधने मानली आणि प्रश्नाने काय जाणून घ्यायचे तेही नोंदवले: रुग्ण कोणत्या प्रदेशातला आहे, ऋतू कोणता, त्याच्या प्रकृतीला काय मानवते, दुखणे कसे उद्भवले, वेदना कशी वाढत गेली, अंगात बळ किती आहे, भूक कशी आहे आणि हे सारे किती काळ चालले आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा प्रश्नसंच आजच्या अस्थिरोगतज्ज्ञाच्या टेबलावर ठेवला तरी त्यातले फार थोडे वगळावे लागेल.

रोग ओळखण्याच्या पाच अंगांना, म्हणजे निदानपंचकाला, या परंपरेत विशेष महत्त्व आहे आणि त्यातील ‘उपशय’ हे अंग तर सर्वस्वी रुग्णाच्या अनुभवावर उभे आहे. कोणत्या आहाराने, औषधाने किंवा वागणुकीने आराम पडतो आणि कशाने दुखणे उसळते, यावरून रोगाचे स्वरूप ताडणे म्हणजे उपशय. तेलाने बरे वाटते की शेकाने, चालल्यावर दुखते की बसून उठताना, थंडीत वाढते की बारमाही सारखेच असते, यांची उत्तरे वैद्याला परीक्षेच्या वेळी दिसत नाहीत, ती रुग्णाने आठवड्याच्या, महिन्याच्या निरीक्षणातून घेऊन यायची असतात. सातव्या-आठव्या शतकांच्या सुमाराला रचल्या गेलेल्या माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आले आणि त्यात अनेक सांध्यांच्या सुजेबरोबर ज्वर, अरुची, अंग जड होणे ही लक्षणे जोडली गेली. यामुळे सर्व शरीराला ग्रासणारा सांध्यांचा रोग आणि त्या त्या सांध्यापुरते राहणारे दुखणे यांत भेद करण्याची वाट मोकळी झाली. हा भेद प्रामुख्याने विचारूनच करता येत होता, कारण भूक गेली आहे, अंग मोडून येते, हे रुग्णच सांगणार.

ग्रीक वैद्यकातही याच धर्तीचा विचार झालेला होता आणि इफेससच्या रुफसने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास रुग्णाला प्रश्न कसे विचारावेत या एकाच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे युरोपात मात्र सांध्यांची बहुतेक दुखणी गाउट म्हणजे वातरक्तासारखा विकार आणि ऱ्हुमॅटिझम या दोन ढोबळ नावांखाली एकत्र कोंबली गेली. त्या गर्दीतून बोटांवरच्या गाठी वेगळ्या काढणारा माणूस म्हणजे लंडनचा वैद्य विल्यम हेबर्डन. रुग्णाच्या खाटेपाशीच टिपणे करण्याची सवय त्याने आयुष्यभर पाळली आणि १८०१ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर पुढच्याच वर्षी ती टिपणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यावर येणाऱ्या, लहान वाटाण्याएवढ्या, आयुष्यभर टिकणाऱ्या कठीण गाठींचा गाउटशी संबंध नाही, असे त्याने त्यात ठामपणे नोंदवले, आणि या निष्कर्षाचा आधार असा की, ज्यांना गाउट कधीच झाला नव्हता अशा लोकांनाही त्या गाठी होत्या. एखाद्याला गाउट होऊन गेला की नाही हे त्या काळात पूर्ववृत्त विचारूनच कळू शकत होते, तेव्हा आज जगभर हेबर्डनच्या गाठी म्हणून ओळखले जाणारे हे लक्षण दृष्टीइतकेच प्रश्नाचेही फलित आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. १८५९ मध्ये आल्फ्रेड गॅरॉडने संधिवाताच्या दाहक प्रकाराला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव सुचवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचाच मुलगा आर्चिबाल्ड याने तो प्रकार आणि ऑस्टिओआर्थ्रायटिस यांची स्पष्ट फारकत केली.

१८९५ च्या अखेरीस विल्हेल्म राँटगेनने क्ष-किरणांचा शोध जाहीर केला आणि जिवंत माणसाच्या सांध्याचे अंतरंग पहिल्यांदाच दिसू लागले. या शोधाने वैद्यकाला किती दिले हे सांगायला नको, परंतु गुडघ्याच्या बाबतीत त्याने एक अवघड परिस्थितीही निर्माण केली. कूर्चा क्ष-किरणांत दिसत नाही. दिसते ती तिने व्यापलेली मोकळी फट, आणि ती फट अरुंद झाली की कूर्चा कमी झाली असे अनुमान करावे लागते. १९५७ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथील जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स यांनी अरुंद झालेली फट, हाडाच्या कडांचे अंकुर आणि हाडाचा वाढलेला घट्टपणा यांच्या आधारे शून्य ते चार अशी श्रेणी ठरवून दिली आणि तीच श्रेणी आजही अहवालांतून वापरली जाते. हळूहळू रोगाचे गांभीर्य म्हणजे ही श्रेणी, असा समज रूढ झाला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात डॉक्टर दिव्याच्या पेटीवर फिल्म लावून गुडघ्यातली ‘गॅप’ कमी झाल्याचे सांगतात, रुग्ण घरी जाऊन ‘वंगण संपले’ असे सांगतो, आणि जिना उतरताना कळ नेमकी कोठे येते, हे बोलायचे दोघांकडूनही राहून जाते.

प्रत्यक्षात छायाचित्र आणि वेदना यांचा मेळ बराच सैल आहे, हे पुढच्या लोकसंख्येच्या पाहण्यांतून वारंवार दिसून आले. ज्यांच्या गुडघ्याचे चित्र बरेच बिघडलेले असते अशा पुष्कळांना फारसा त्रास नसतो आणि ज्यांचे चित्र जवळपास निर्दोष असते त्यांतल्या काहींना चार पावले टाकणे कठीण जाते. कूर्चेत वेदनावाहक मज्जातंतू नसल्याने तिची झीज स्वतः दुखत नाही, दुखतात ती तिच्याखालची हाडे, सांध्याचे अस्तर, स्नायू व स्नायुबंध, आणि त्यांची अवस्था साध्या एक्स-रेत फार थोडी उमटते. रुग्णाला ‘फोटोत काही विशेष नाही’ असे सांगून परत पाठवणे किंवा चित्र वाईट म्हणून भलतीच धास्ती घालणे, या दोन्ही चुका याच समजुतीतून होत आल्या आहेत. सांधा वापरला की झिजतो, तेव्हा चालणे सोडावे, हा घरोघरी चालत आलेला निष्कर्षही त्याच मुळाचा आहे आणि तो अपायकारक आहे. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन जास्त असल्यास ते कमी करणे, हे आजच्या उपचारांचे पहिले पाऊल मानले जाते, आणि ते टाकण्यासाठी सांधा हलवावाच लागतो.

रुग्णाच्या शब्दांना पुन्हा शास्त्रात स्थान मिळाले ते १९७० च्या दशकात. ब्रिटनमधील हस्किसन या संधिरोगतज्ज्ञाने १९७४ मध्ये दहा सेंटिमीटरच्या एका सरळ रेषेवर रुग्णाने स्वतः वेदनेची खूण करावी ही पद्धत मांडली. रेषेचे एक टोक म्हणजे मुळीच वेदना नाही आणि दुसरे म्हणजे असह्य वेदना. पुढच्याच वर्षी कॅनडातील रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदना वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत लावून एक प्रश्नावली सिद्ध केली, कारण वेदना किती आहे याइतकेच ती कोणत्या जातीची आहे हेही निदानाला उपयोगी पडते, असा त्यांचा आग्रह होता. मराठी माणसाला ही जाण नवी नाही. ठणका, चमक, कळ, सल, ठसठस, आखडणे आणि भरून येणे यांपैकी कोणते दुखणे आपले आहे हे तो बिनचूक सांगू शकतो, मात्र दवाखान्यात ‘गुडघे दुखतात’ एवढ्यावरच तो थांबतो आणि केसपेपरवरही तेवढेच उतरते.

केवळ झिजेच्या संधिवातासाठी असे साधन निकोलस बेलॅमी यांनी कॅनडात तयार केले. त्यांनी आधी खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सुमारे शंभर रुग्णांना त्यांचा त्रास नेमका कशात आहे हे विचारले आणि त्या उत्तरांतून २४ प्रश्न बांधले. पाच वेदनेचे, दोन ताठरपणाचे आणि सतरा रोजच्या हालचालींचे असे हे प्रश्न १९८८ पासून वोमॅक या संक्षिप्त नावाने जगभर वापरले जाऊ लागले. जिना चढणे आणि जिना उतरणे त्यात वेगवेगळे विचारले आहे, रात्री अंथरुणात होणारी वेदना वेगळी आहे, खुर्चीतून उठणे वेगळे आहे. हा बारकावा रुग्णांनी पुरवलेला आहे आणि तो वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातून आला नसता. याच काळात, १९८६ मध्ये, अमेरिकेतील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेने गुडघ्याच्या विकाराचे निकष ठरवताना सकाळचा ताठरपणा तीस मिनिटांच्या आत सुटतो की नाही यालाही स्थान दिले. दाहक संधिवातात हा ताठरपणा बहुधा बराच वेळ टिकतो, झिजेच्या विकारात तो लवकर मोकळा होतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तर असे सांगितले की, वय ४५ किंवा अधिक असेल, दुखणे हालचालीशी निगडित असेल आणि सकाळचा ताठरपणा नसेल किंवा अर्ध्या तासाहून जास्त नसेल, तर एक्स-रे न काढताही हे निदान करावे. या तीन अटींपैकी एकही यंत्राने मोजायची नाही. घड्याळाकडे पाहून ‘अंथरुणातून उठल्यावर गुडघे मोकळे व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात’ असे सांगणारा रुग्ण निदानाचा मोठा भाग स्वतःच पुरवत असतो.

वोमॅकच्या प्रश्नांत मोजे घालणे व काढणे, मोटारीत बसणे व उतरणे, बाथटबमध्ये शिरणे व बाहेर येणे ही कामे आहेत. मराठी गावातल्या माणसाचे दिवसभराचे बसणे-उठणे त्यांत सापडत नाही. येथे पुणे जिल्ह्यातल्या, पुणे-सोलापूर मार्गावरच्या भिगवणचा उल्लेख अपरिहार्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने चालणाऱ्या, गावपातळीवर संधिरोगांची पाहणी करणाऱ्या कॉपकॉर्ड या कार्यक्रमाचे एक महत्त्वाचे भारतीय केंद्र १९९६ पासून येथे सुरू झाले आणि पुण्याचे संधिरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी त्याचे नेतृत्व केले. प्रशिक्षित आरोग्यसेवक घरोघर गेले, चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले गेले, आणि कागदावर छापलेल्या मानवी आकृतीवर दुखऱ्या जागा दाखवून घेतल्या गेल्या. सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते आणि दुखण्याच्या जागांत गुडघा सर्वांत पुढे होता. जे दुखणे ‘वयाचे आहे’ म्हणून कोणी कोणाला सांगत नव्हते, ते कोणीतरी उंबऱ्यावर येऊन विचारल्यावर नोंदीत आले, ही या पाहणीची मोठी शिकवण आहे. वोमॅकची जी भारतीय आवृत्ती पुण्यात वापरात आली तिच्यात उकिडवे बसणे आणि मांडी घालून बसणे यांना जागा मिळाली. भाकरी थापताना, देवपूजेला, पंगतीला, शेतात खुरपताना आणि भारतीय पद्धतीच्या शौचकूपात गुडघा पूर्ण दुमडावा लागतो, तेव्हा यांतले काय सुटले हे सांगितल्यावाचून या समाजातल्या रुग्णाची कैफियत पुरी होत नाही.

रुग्णाने बोलायचे खरे, पण त्याला बोलू दिले जाते का, याचाही शोध याच दशकांत घेतला गेला. १९८४ मध्ये अमेरिकेतील हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी ७४ भेटींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला तेव्हा, रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलतात, असे आढळले. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात याहून वेगळे काही घडत असेल अशी अपेक्षा ठेवणे कठीण आहे. मग जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची ती पहिल्याच वाक्यात यावी, हे ओघानेच आले. पुढच्या वर्षी शेल्डन ग्रीनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातील व्रणाच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. डॉक्टरांच्या भेटीआधी सुमारे वीस मिनिटे एक मदतनीस रुग्णाबरोबर बसे, त्याचे वैद्यकीय कागद त्याला समजावून देई आणि त्याच्याकडून प्रश्न तयार करून घेई. असे तयार झालेले रुग्ण भेटीत अधिक पुढाकार घेऊ लागले. भेटीच्या आधीची वीस मिनिटे भेटीचे स्वरूप बदलू शकतात, हे यातून प्रत्यक्ष दिसले.

संधिवाताच्या क्षेत्रात हीच दिशा अधिक नेटाने पुढे नेली ती स्टॅनफर्ड विद्यापीठातील केट लोरिग यांनी. मूळच्या परिचारिका असलेल्या लोरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा, आठवड्यातून एकदा दोन तास भरणारा वर्ग उभारला. तो चालवणारे डॉक्टर नसत, बहुधा स्वतः संधिवात असलेली सामान्य माणसे असत. व्यायाम, वेदनेशी जुळवून घेणे, औषधे समजून घेणे यांबरोबर डॉक्टरांशी बोलण्याची तयारी हाही त्यातला एक धडा होता: जाण्याआधी तक्रारींची छोटी यादी करा, मुख्य शंका आधी मांडा, न समजलेले पुन्हा विचारा, ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून पाहा, आणि ठरलेले करता येणार नसेल तर तेथेच बोला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, चार वर्षांनंतरही सहभागी लोकांच्या वेदनेत सरासरी २० टक्के घट आणि डॉक्टरांकडच्या खेपांत ४० टक्के घट टिकून असल्याचे दिसले. विशेष म्हणजे त्याच काळात त्यांचे शारीरिक अपंगत्व काहीसे वाढलेच होते. रोग पुढे सरकत असतानाही त्याच्यावर आपला काही ताबा आहे ही खात्री माणसाचे दुखणे हलके करते, असा अर्थ लोरिग यांनी लावला, आणि तो पटण्याजोगा आहे.

औषधांच्या इतिहासाने या तयारीची निकड वाढवली. १८९९ मध्ये बाजारात आलेली अ‍ॅस्पिरिन आणि १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेली आयब्युप्रोफेन यांनी लाखो गुडघ्यांना दिलासा दिला, परंतु या वर्गातील गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठराला व्रण पडू शकतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. जठराला सोसवतील म्हणून काढलेल्या नव्या पिढीतल्या रोफेकॉक्सिबला हृदयविकाराचा धोका वाढतो या कारणाने २००४ मध्ये बाजारातून माघार घ्यावी लागली. पूर्वी अल्सर झाला होता का, रक्तदाब आहे का, हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे प्रश्न तेव्हापासून गुडघेदुखीच्या तपासणीचा भाग बनले. महाराष्ट्रात या यादीला आणखी पुरवणी लागते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या गोळ्या, निर्गुडीचे किंवा महानारायण तेल, कोणी गावाहून पाठवलेले चूर्ण, यांविषयी डॉक्टर रागावतील म्हणून बोलले जात नाही. तेलाने सहसा बिघडत नाही, पण निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत, आणि म्हणून पाकिटे, बाटल्या, पुड्या जशाच्या तशा पिशवीत घालून नेणे हा संकोच टाळण्याचा चांगला मार्ग ठरतो.

शस्त्रक्रियेचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत जास्त बोलणे तेथेच लागते. जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे खुब्याच्या सांध्यासाठी टिकाऊ प्लास्टिक वापरून नवे पर्व सुरू केले. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांनी १९७० च्या दशकात गुडघ्याचा जो कृत्रिम सांधा घडवला, त्याच्यावरून पुढचे बहुतेक सांधे बेतले गेले. याच राणावत यांनी २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया केल्या आणि गुडघा बदलता येतो ही गोष्ट वर्तमानपत्रांतून भारतभर पोचली. शस्त्रक्रिया कोणाला मिळते, हे मात्र वैद्यकीय गरजेइतकेच संवादावरही अवलंबून असते. गिलियन हॉकर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅनडातील अभ्यासात असे दिसले की, गरज असूनही सांधा न बदललेल्यांचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या तिपटीहून अधिक होते. शस्त्रक्रियेची तयारी त्यांची पुरुषांइतकीच होती, परंतु डॉक्टरांशी त्याविषयी बोलणे झालेल्या स्त्रिया कमी होत्या. घरातल्या बाईचे दुखणे सर्वांचे औषधपाणी आटोपल्यावर विचारात घेतले जाते, हे जेथे जेथे खरे आहे तेथे हा निष्कर्ष अतिशय गंभीरपणे घ्यायला हवा.

भारतात या संवादाला पैशाची बाजू अटळपणे आहे आणि तिच्याविषयी विचारताना रुग्ण सर्वाधिक अवघडतो. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ही मर्यादा करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये होती. सांध्याची किंमत, त्याची कंपनी आणि बॅच क्रमांक रुग्णालयांनी बिलात वेगळे दाखवावेत, असेही त्या आदेशात बजावले होते. त्यामुळे कोणता सांधा बसवणार, त्याची किंमत किती आणि खोलीभाडे, भूल व फिजिओथेरपी धरून एकूण खर्च किती, हे प्रश्न दाखल होण्याआधी विचारणाऱ्या रुग्णाच्या हाती सरकारी आदेशाचा आधार आला.